खुनाच्या आधीचं आयुष्य : व्हिक्टोरियन काळातल्या बळींची घराणी दप्तरातून कशी शोधावीत

३१ ऑगस्ट १८८८ च्या पहाटे लंडनच्या व्हाइटचॅपल भागात, बक्स रो नावाच्या गल्लीत एका बाईचं प्रेत सापडलं. नाव सांगेल असं जवळ काही नव्हतं. अंगातल्या परकरावर मात्र लॅम्बेथ वर्कहाऊसचा, म्हणजे गरिबांच्या सार्वजनिक आश्रयगृहाचा, शिक्का होता. पोलीस त्या शिक्क्यामागे गेले. वर्कहाऊसमध्ये तिच्यासोबत राहिलेल्या एका बाईने शवागारात येऊन ओळख पटवली, मग वडील आले, मग नवरा. ती मेरी अ‍ॅन निकोल्स, माहेरची वॉकर. पाचच दिवसांपूर्वी तिला त्रेचाळीस वर्षं पूर्ण झाली होती.

तिच्या मृत्यूच्या त्या तासाभरावर आजवर ढीगभर लिहिलं गेलं आहे. आधीच्या त्रेचाळीस वर्षांचे कागदही आहेत, पण ते ‘खून’ या शब्दाखाली मिळत नाहीत. ते चर्चच्या वहीत आहेत, लग्नाच्या दाखल्यात आहेत, खानेसुमारीच्या तक्त्यात आहेत, वर्कहाऊसच्या आवक-जावक रजिस्टरात आहेत. ते कसे शोधायचे, कुठून सुरुवात करायची आणि कुठे सावध राहायचं, हे या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी लिहितो आहे. उदाहरणं १८८८ च्या व्हाइटचॅपलमधल्या खून झालेल्या पाच स्त्रियांची (मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज, मेरी जेन केली) घेतली आहेत, कारण त्यांचे कागद सर्वांना पाहता येतात आणि त्यांच्या बाबतीत झालेल्या चुकाही उघड आहेत. पद्धत मात्र त्या काळातल्या इंग्लंडमधल्या कुठल्याही बळीला लागू पडते. बहुतेक काम पुण्यात किंवा कोल्हापुरात बसून इंटरनेटवर होतं. इंग्रजी हस्ताक्षर वाचण्याचा सराव आणि सबुरी, एवढं भांडवल पुरे.

पहिली पायरी : एकच माणूस, एकच तक्ता

एका वेळी एकाच व्यक्तीचं काम हाती घ्या. वहीत किंवा संगणकावर चार रकान्यांचा तक्ता आखा: काय म्हटलं आहे, कोणी म्हटलं, केव्हा म्हटलं, आणि त्याला दुसरा पुरावा आहे का. चौथा रकाना सुरुवातीला रिकामाच राहणार, राहू द्या. हे काम म्हणजे तो रकाना भरत जाणं.

पुस्तकातून किंवा संकेतस्थळावरून आयती वंशावळ उचलून सुरुवात करू नका. तयार वंशावळींत एकाची चूक दुसऱ्याने उतरवून घेतलेली असते आणि पाच ठिकाणी दिसली की ती खरी वाटू लागते. आयत्या माहितीचा उपयोग कुठे शोधायचं हे कळण्यापुरता करा. प्रत्येक गोष्ट मूळ कागदाच्या छायाचित्रावर स्वतः वाचा.

दुसरी पायरी : शेवटापासून मागे

वंशावळीच्या कामात माहीत असलेल्या टोकाकडून अज्ञाताकडे जायचं असतं, आणि इथे माहीत असलेलं टोक म्हणजे मृत्यू. संशयास्पद मृत्यू झाला की कॉरोनर पंचांसमोर चौकशी घेई. मुंबईतही १९९९ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत कॉरोनर होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या माणसांना हा प्रकार नवा नाही. या चौकशीत नातेवाईक, शेजारी, खोलीचा मालक, डॉक्टर शपथेवर बोलत. घराण्याच्या दृष्टीने डॉक्टरपेक्षा नातेवाईकाची जबानी कितीतरी मोलाची असते. त्यात माहेर येतं, नवऱ्याचा धंदा येतो, मुलं किती ते येतं, शेवटची भेट कधी झाली तेही येतं.

अडचण अशी की चौकशीचे मूळ कागद फार थोड्या प्रकरणांत टिकले आहेत. पाच जणींपैकी कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली या दोघींचेच कागद लंडनच्या महानगर अभिलेखागारात आहेत. या संस्थेचं नाव आता ‘द लंडन आर्काइव्ज’ झालं आहे, पण जुन्या लेखांत लंडन मेट्रोपॉलिटन आर्काइव्ज असंच सापडेल. उरलेल्या तिघींसाठी वर्तमानपत्रांवर भिस्त ठेवावी लागते. ‘टाइम्स’, ‘डेली टेलिग्राफ’, ‘ईस्ट लंडन ऑब्झर्व्हर’ अशा पत्रांचे वार्ताहर तिथे बसून जबान्या उतरवून घेत. पोलिसांच्या फायली लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मेट्रोपॉलिटन पोलिसांची मुख्य फाइल एमईपीओ ३/१४० या क्रमांकाखाली आहे आणि गृहखात्याचे कागद एचओ १४४ या मालिकेत. त्यांचा कॅटलॉग घरबसल्या फुकट चाळता येतो.

एकाच जबानीची किमान तीन वर्तमानपत्रांतली वृत्तं शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकाने गाळलेलं वाक्य दुसऱ्याने घेतलेलं असतं, एकाने चुकीचं ऐकलेलं आडनाव तिसऱ्याने बरोबर लिहिलेलं असतं. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हला पैसे भरावे लागतात. ज्यांना ते परवडत नाहीत त्यांनी ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’, न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ आणि वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा वर्तमानपत्र-संग्रह पाहावा. तिन्ही फुकट आहेत आणि लंडनच्या खुनांच्या बातम्या तिथल्या पत्रांनी भरभरून छापल्या होत्या. आरोपीवर खटला चालला असेल तर लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाची १९१३ पर्यंतची छापील कामकाजं इंटरनेटवर मोफत आहेत. तिथे साक्षीदाराचं नाव टाकूनही शोधून पाहा, कारण बळीचा भाऊ किंवा घरमालकीण साक्षीला हमखास आलेली असते.

पहिल्या दिवसाची जबानी आणि नंतरची जबानी यांत किती फरक पडतो, याचं चांगलं उदाहरण अ‍ॅनी चॅपमनचं आहे. ८ सप्टेंबरला हॅन्बरी स्ट्रीटच्या २९ नंबरच्या घरामागे तिचा खून झाला. तिच्या मैत्रिणीने शपथेवर सांगितलं की ती विंडसरच्या फ्रेडरिक चॅपमन नावाच्या जनावरांच्या डॉक्टरची विधवा. त्यानंतर तिचा सख्खा भाऊ फाउंटन स्मिथ उभा राहिला. त्याने सांगितलं, नवरा जॉन चॅपमन, आणि तो कोचमन, म्हणजे घोडागाडी हाकणारा. कागदांनी भावाची बाजू खरी ठरवली: १ मे १८६९ ला नाइट्सब्रिजच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये झालेलं लग्न, आणि १८८६ च्या नाताळच्या दिवशी जॉनचा मृत्यू. पण मैत्रीण खोटं बोलत होती असंही नाही. नवऱ्याकडून आठवड्याला दहा शिलिंग येत होते आणि तो वारल्यावर ते थांबले, हे तिनेच सांगितलं, आणि जॉनचा मृत्यू कोणत्या वर्षांत शोधायचा ते त्यावरूनच कळतं. साक्षीदाराचं एक वाक्य चुकलं म्हणून सगळी जबानी मोडीत काढू नये.

तिसरी पायरी : दाखले

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. तिमाहीवार सूची आहेत आणि त्या ‘फ्री बीएमडी’ या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. सरकारच्या जनरल रजिस्टर ऑफिसची स्वतःची जन्म आणि मृत्यूची सूची आहे. तीही खातं उघडलं की फुकट पाहता येते, आणि तिचा मोठा फायदा असा की जन्माच्या नोंदीसोबत आईचं माहेरचं आडनाव आणि मृत्यूच्या नोंदीसोबत वय अगदी १८३७ पासून दिसतं. जुन्या छापील सूचींत आईचं आडनाव १९११ नंतरच येतं. लग्नाची सूची मात्र या सरकारी संकेतस्थळावर नाही, त्यासाठी फ्री बीएमडीकडेच जावं लागतं. त्या काळच्या लग्नाच्या सूचीत जोडीदाराचं नाव नसतं. अशा वेळी नवऱ्याची नोंद आणि बायकोची नोंद वेगवेगळी काढायची आणि तिमाही, जिल्हा, खंड, पान हे चारही जुळतात का ते पाहायचं. जुळले तर दाखला मागवा.

बळीच्या मृत्यूच्या दाखल्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. एरवी खबर देणाऱ्याच्या रकान्यात मुलगी, जाऊ, शेजारीण असं कोणीतरी असतं आणि तिथून पुढचा माग लागतो. चौकशी झालेल्या मृत्यूत त्या रकान्यात कॉरोनरचं नाव असतं, त्यामुळे ती वाट तिथेच बंद होते. वयही ऐकीव असतं.

लग्नाचा दाखला सगळ्यांत कामाचा. त्यात दोघांचं वय, धंदा, पत्ता, दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा, साक्षीदार आणि सह्या असतात. सहीच्या जागी फुली असेल तर लिहिता येत नव्हतं असं समजतात. साक्षीदारांची नावं जरूर उतरवून घ्या, अनेकदा ती बहीण-मेहुण्याची निघतात. आईच्या नावाला मात्र त्या दाखल्यात जागाच नव्हती. इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाच्या नोंदीत आईचं नाव २०२१ च्या मे महिन्यात आलं. स्त्रियांचा इतिहास शोधणाऱ्याला ही उणीव पावलोपावली जाणवते, म्हणून आईसाठी मुलीचा जन्मदाखला किंवा बाप्तिस्म्याची नोंद वेगळी काढावीच लागते.

मेरी अ‍ॅनचंच पाहा. १६ जानेवारी १८६४ ला फ्लीट स्ट्रीटजवळच्या सेंट ब्राइड्स चर्चमध्ये तिने विल्यम निकोल्सशी लग्न केलं. तो छापखान्यात यंत्रावर काम करणारा. वडील एडवर्ड वॉकर कुलपं-लोखंडाचं काम करणारे. यावरून मागे गेलं की शू लेनजवळच्या डॉज कोर्टात १८४५ च्या ऑगस्टमधला जन्म हाती येतो. फ्लीट स्ट्रीट म्हणजे छापखान्यांचा आणि वर्तमानपत्रांचा भाग. ज्या पत्रांनी पुढे तिचा मृत्यू विकला, त्यांच्याच गल्ल्यांत ती जन्मली, वाढली आणि लग्नाला उभी राहिली.

लग्न जन्माच्या आधीच झालं असेल असं धरून शोधू नका. अ‍ॅनी चॅपमनच्या आईवडिलांचं लग्न तिच्या जन्मानंतर झालं होतं. शोधाची मर्यादा दोन्ही बाजूंना काही वर्षं वाढवून ठेवली की अशा नोंदी सुटत नाहीत. १८७५ पर्यंत जन्म नोंदवला नाही म्हणून आईबापांना दंड नव्हता, म्हणून काही मुलं सूचीत नसतातच. तिथे पॅरिशचं, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाचं, बाप्तिस्मा-रजिस्टर उपयोगी पडतं. ‘फॅमिली सर्च’ आणि ‘फ्री रेग’ या दोन मोफत ठिकाणी आधी पाहावं.

चौथी पायरी : खानेसुमारी

दर दहा वर्षांनी एका रात्री कोण कुठे झोपलं होतं याचा तक्ता, एवढीच खानेसुमारी. तारखा लक्षात ठेवा, कारण वय त्या तारखेपासून मोजायचं: ६ जून १८४१, ३० मार्च १८५१, ७ एप्रिल १८६१, २ एप्रिल १८७१, ३ एप्रिल १८८१. १८४१ च्या तक्त्यात पंधरा वर्षांवरच्यांचं वय साधारणपणे पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलं आहे आणि घरातल्यांचं आपसातलं नातं दिलेलं नाही, म्हणून त्यावरून कोणाला कोणाचा मुलगा ठरवू नका. १८५१ पासून नातं आणि जन्मगाव दोन्ही मिळतात.

नाव सापडलं नाही तर पत्त्यावरून शोधा, शेजाऱ्यावरून शोधा, लहान भावंडाच्या वेगळ्या नावावरून शोधा. एडोज हे आडनाव सूची करणाऱ्यांनी किती तऱ्हांनी वाचलं असेल याचा अंदाज करा आणि अक्षरांच्या जागी फुल्या (*) टाकून पाहा. वेड्यांच्या इस्पितळांत आणि तुरुंगांत पुष्कळदा नुसती आद्याक्षरं लिहिली आहेत. आणि एका तक्त्यावर समाधान मानू नका: सगळी भावंडं, मावश्या, मेहुणे यांचेही तक्ते काढा. गरीब घरांत मुलं एका नातेवाईकाकडून दुसऱ्याकडे जात असत. कॅथरीन एडोज वुल्व्हरहॅम्प्टनला जन्मली. वडील पत्र्याचं काम करणारे. कुटुंब लंडनला आलं आणि तिच्या पंधराव्या वर्षापर्यंत आई आणि वडील दोघेही गेले. तिच्या पुढच्या आयुष्याचा अर्थ भावंडांच्या नोंदींशिवाय लागत नाही.

पाचवी पायरी : वर्कहाऊस

माझ्या मते या सगळ्या कामाचं मर्म इथे आहे. ज्यांना नवखेपणी वाटतं की गरीब माणसाचे कागद नसतात, त्यांनी गरीब-कायद्याची दप्तरं एकदा उघडून पाहावीत. १८३४ च्या कायद्याने मदत मागणाऱ्याला वर्कहाऊसच्या दारात उभं केलं आणि मदतीचा प्रत्येक पैसा करदात्यांचा असल्याने प्रत्येक गोष्ट लिहून ठेवली. मध्यमवर्गातल्या बाईची मृत्यूपर्यंत जेवढी नोंद होत नसेल तेवढी वर्कहाऊसमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या बाईची एका वर्षात झाली आहे.

तीन प्रकारचे कागद ओळखायला शिका. पहिलं आवक-जावक रजिस्टर. कोणत्या तारखेला आली, कोणत्या जेवणानंतर गेली, वय, धंदा, कोणत्या पॅरिशमधून, कोणाच्या हुकमाने. दुसरं धर्म-रजिस्टर. ते १८६९ पासून ठेवलेलं मिळतं. आत आलेल्याचा धर्म कोणता हे नोंदवण्यासाठी ते होतं, पण त्यात जन्मसाल आणि जवळच्या नातेवाईकाचं नाव-पत्ता सापडण्याची शक्यता असते. तिसरं आणि सर्वांत मोलाचं म्हणजे सेटलमेंटची चौकशी. या माणसाचा भार कायद्याने कोणत्या पॅरिशने उचलायचा हे ठरवण्यासाठी अधिकारी त्याला बसवून विचारत: जन्म कुठे, लग्न कुठे आणि कधी, नवरा कुठे, मुलं किती नि त्यांची वयं काय, गेल्या काही वर्षांत कुठे कुठे राहिलात, भाडं किती होतं. एका पानात अख्खं आयुष्य उतरलेलं मिळू शकतं. लंडनची ही रजिस्टरं द लंडन आर्काइव्जमध्ये आहेत आणि बरीचशी पैसे घेणाऱ्या वंशावळ-संकेतस्थळांवर छायाचित्ररूपात आली आहेत. नावाची सूची अपुरी असेल तर तारखेवरून एकेक पान उलटत जावं. वेळ खातं, पण हाती लागतं.

मेरी अ‍ॅनच्या शेवटच्या उन्हाळ्याची गोष्ट या दप्तराशी जोडली की ती उलगडते. १८८८ च्या मे महिन्यात वर्कहाऊसमधून तिला वॉन्ड्सवर्थच्या एका घरी मोलकरणीचं काम मिळालं. तिथून तिने वडिलांना पत्र लिहिलं. ते पत्र पुढे वर्तमानपत्रांत छापलं गेलं, म्हणून आज वाचायला मिळतं. घर मोठं आहे, पुढे-मागे झाडं आणि बाग आहे, माणसं धार्मिक आहेत आणि दारू पीत नाहीत, असं ती कळवते. मुलाची चौकशी करते. दोन महिन्यांनी, जुलैमध्ये, ती साडेतीन पौंडांचे कपडे घेऊन तिथून निघून गेली. खुनावरच्या लेखनात हे कपडे घेऊन पळणं ठळक असतं आणि पत्र तळटिपेत. दोन्ही सारख्याच अक्षरांत लिहा.

सहावी पायरी : सांगणारा कोण, आणि त्याला काय हवं होतं

मेरी अ‍ॅनचं निकोल्सशी पटलं नाही आणि १८८० च्या सुमारास ते वेगळे झाले. नवरा तिला आठवड्याला पाच शिलिंग देई. नंतर त्याने ते थांबवले. पॅरिशने त्याच्याकडून वसुली करायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने सांगितलं की ती वाईट मार्गाने जगते आहे. आता त्या काळचा कायदा लक्षात घ्या. बायको व्यभिचारी ठरली तर तिला पोसण्याची जबाबदारी नवऱ्यावरून सुटे. म्हणजे हे विधान करण्यात त्याचा रोख फायदा होता. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात ‘नवरा, पोटगीच्या वादात’ असं लिहिलं की त्या विधानाचं वजन आपोआप बदलतं.

हाच नियम ‘वेश्या’ या शब्दाला लावा. पोलिसांनी आणि वर्तमानपत्रांनी तो या पाचही जणींना सरसकट चिकटवला. एलिझाबेथ स्ट्राइडच्या बाबतीत स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या पोलिसांच्या नोंदवहीत १८६५ मध्ये तिचं नाव आहे, म्हणजे तारखेसह पुरावा आहे, तोही त्या वेळेपुरता. रस्त्यावर रात्री सापडणं, चार पेन्यांच्या सार्वजनिक निवाऱ्यात झोपणं, लग्नाशिवाय कोणाबरोबर राहणं, यातलं काहीच तसा पुरावा होत नाही. जिथे कागद आहे तिथे कागदाची तारीख द्या, जिथे नाही तिथे शब्द वापरू नका.

बळीने स्वतःबद्दल सांगितलेलंही तपासावं लागतं. एलिझाबेथ सांगत असे की नवरा आणि मुलं ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ बोटीच्या अपघातात बुडाली. ३ सप्टेंबर १८७८ ला थेम्स नदीत झालेला हा अपघात खरा होता, सहाशेवर माणसं गेली. बोटीवर कोणाची लाथ बसून आपला टाळू फुटला, असंही ती सांगे. चौकशीत डॉक्टरांना परत बोलावून मुद्दाम तोंड तपासायला लावलं गेलं आणि टाळू शाबूत निघाला. नवरा जॉन स्ट्राइड पॉप्लरमध्ये १८८४ मध्ये वारला, त्याची नोंद आहे. याच प्रकरणात आणखी एका बाईने प्रेत पाहून ‘ही माझी बहीण’ अशी शपथ घेतली, पायावरची खूणसुद्धा सांगितली. बहीण जिवंत होती आणि नंतर स्वतः चौकशीत हजर झाली. शपथेवरची ओळखही दुसऱ्या कागदावर घासून पाहायची ती यासाठी.

एलिझाबेथने ती गोष्ट का रचली असेल, याचा तर्क करण्याचा मोह होतो. तर्क करायचाच असेल तर तो तर्क म्हणून लिहा. मला तिचा खोटेपणा दाखवण्यात रस नाही. परदेशात एकटी पडलेली, मूल मृत जन्मलेली, लग्न मोडलेली बाई लोकांच्या सहानुभूतीसाठी काहीतरी सांगते, हे समजण्यासारखं आहे.

सातवी पायरी : दुसऱ्या देशात गेलेले धागे

एलिझाबेथ मूळची एलिसाबेथ गुस्ताफ्सडॉटर. जन्म २७ नोव्हेंबर १८४३, गोथेनबर्गजवळच्या टॉर्सलांडा पॅरिशमध्ये. वडील गुस्ताफ एरिक्सन. बापाचं नाव आणि मुलीचं आडनाव जुळत नाही म्हणून नवखे लोक इथे थबकतात. मुलीचं आडनाव बापाच्या पहिल्या नावावरून ठेवण्याची तिथली रीत कळली की अडचण संपते. स्वीडनमध्ये पाद्री दर घराची वही ठेवत. घरात कोण आलं, कोण कुठे गेलं हे तारखेनिशी तिच्यात असे. ही पुस्तकं स्वीडिश राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. १८६६ च्या फेब्रुवारीत ती लंडनला आली आणि जुलैत तिथल्या स्वीडिश चर्चच्या वहीत तिचं नाव चढलं. दोन देशांतल्या दोन वह्या जुळल्या म्हणून तिची ओळख पक्की झाली.

मेरी जेन केलीचं उलट. ९ नोव्हेंबरला मिलर्स कोर्टच्या १३ नंबरच्या खोलीत तिचा खून झाला. ती लिमरिकला जन्मली, लहानपणी वेल्समध्ये आली, डेव्हिस नावाच्या खाणकामगाराशी लग्न झालं आणि तो स्फोटात गेला, हे सगळं तिच्यासोबत राहिलेल्या जोसेफ बार्नेटने तिच्या तोंडून ऐकलेलं. यातल्या एकाही गोष्टीला आजवर पक्का कागद सापडलेला नाही. वय पंचविसाच्या आसपास, म्हणजे जन्म १८६३ च्या सुमारास, आणि आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंदणी सुरू झाली १ जानेवारी १८६४ ला. तिथली १८६१ पासून १८९१ पर्यंतची खानेसुमारी सरकारनेच नष्ट केली. उरतात ती कॅथलिक चर्चची रजिस्टरं. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ती मोफत उपलब्ध करून दिली आहेत, पण मेरी केली हे नाव तिथे पानोपानी आहे. एखादी मेरी वयाने जुळली म्हणून तीच ही, असं जाहीर करणारे दरवर्षी निघतात. दुसरा स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत चौथा रकाना रिकामाच ठेवा.

सैन्याचा धागा भारतापर्यंत येऊ शकतो. कॅथरीन एडोजचा जोडीदार थॉमस कॉनवे अठराव्या रॉयल आयरिश रेजिमेंटचं पेन्शन घेई. तिच्या खुनानंतर पोलिसांनी पेन्शनरांच्या यादीतून त्याच नावाचा माणूस शोधला, पण तो निघाला भलताच. खरा कॉनवे सापडला तेव्हा कळलं की पेन्शन थॉमस क्विन या नावावर होतं. शिपाई खोट्या नावाने भरती होत, तेव्हा नाव जुळलं नाही तर रेजिमेंट, जन्मगाव आणि मुलांची नावं यांवरून शोध घ्या. पेन्शनवर गेलेल्या शिपायांचे कागद क्यूच्या डब्ल्यूओ ९७ मालिकेत आहेत आणि त्यांत कोणत्या देशात किती वर्षं नोकरी केली ते असतं. बळीचा बाप, नवरा किंवा भाऊ मुंबई इलाख्यात होता असं दिसलं तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरातली एन/३ मालिका पाहा. पुणे, कुलाबा, अहमदनगरसारख्या छावण्यांतल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनांच्या प्रती वर्षानुवर्षं तिथे पाठवल्या जात होत्या. फिबिस या संस्थेची मोफत सूची सुरुवातीला पुरते. आपल्या गावच्या जुन्या इंग्रजी दफनभूमीतल्या शिळा वाचून त्यांची छायाचित्रं अशा सूचींना देणं, हे महाराष्ट्रात राहून करता येण्यासारखं खरोखर उपयोगी काम आहे.

आठवी पायरी : वस्तू वाचा

अंगावर सापडलेल्या वस्तूंची यादी मिळाली तर ती खुनाचा पुरावा म्हणून वाचून सोडू नका. कॅथरीनच्या जवळच्या वस्तूंची यादी चौकशीच्या कागदांत आहे: साबणाचे सहा तुकडे, बारीक दातांची फणी, चहाची आणि साखरेची डबी, चिंध्या, पांढऱ्या मुठीची सुरी, चमचा, सुताचा गुंडा, आणि मोहरीच्या डब्यात गहाणाच्या दोन पावत्या. डोक्यावर कायमचं छप्पर नसलेली बाई आपलं घर असं अंगावर घेऊन हिंडत होती. घराण्याच्या शोधातही ही यादी कामाला आली. पावत्यांतली एक तिच्यासोबत राहणाऱ्या जॉन केलीच्या बुटांची होती. पावत्यांची बातमी वर्तमानपत्रात वाचून तो पोलिसांकडे आला आणि नाव मिळालं. तिथून बहीण सापडली, मग मुलगी. खुनाच्या रात्री पोलीस ठाण्यातून सुटताना तिने स्वतःचं नाव मेरी अ‍ॅन केली असं सांगितलं होतं, पत्ताही खोटा दिला होता. म्हणून पोलीस आणि वर्कहाऊसच्या वह्या शोधताना माहेरचं, सासरचं आणि सोबत राहणाऱ्याचं, अशी तिन्ही आडनावं घालून पाहा.

पत्ता मिळाला की चार्ल्स बूथचे गरिबीचे नकाशे उघडा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने ते मोफत ठेवले आहेत. प्रत्येक गल्लीला तिथल्या लोकांच्या ऐपतीप्रमाणे रंग दिलेला आहे. मेरी अ‍ॅनचं कुटुंब काही वर्षं स्टॅमफर्ड स्ट्रीटच्या पीबॉडी इमारतींत राहिलं. तिथे जागा मिळायला नियमित पगार आणि चांगली वर्तणूक लागे. तो पत्ता आणि नंतरचे पत्ते एकाच नकाशावर टिंबांनी दाखवले की घसरण किती झपाट्याने झाली ते दिसतं.

लिहायला बसताना

मुलांचा माग शेवटी काढा आणि तिथे हात आखडता घ्या. १८७० नंतरची शाळांची दाखल-रजिस्टरं त्यांच्यासाठी चांगली आहेत, त्यांत पालकाचं नाव आणि पत्ता मिळतो. पण विसाव्या शतकात शिरलात की जिवंत वंशज जवळ येतात. त्यांची नावं, पत्ते, छायाचित्रं परवानगीशिवाय कुठेही टाकू नयेत. काही घरांत ही गोष्ट कोणी कोणाला सांगितलेलीच नसते. संपर्क करायचाच झाला तर आधी फक्त आपण कोण आणि काय शोधतो आहोत एवढं कळवा, उत्तर नाही आलं तर पुन्हा पत्र पाठवू नका.

शवागारातली छायाचित्रं लेखाला जोडण्याची पद्धत मला मान्य नाही. अ‍ॅनी चॅपमनचं तिच्या लग्नाच्या काळातलं, नवऱ्यासोबतचं छायाचित्र उपलब्ध आहे, ते वापरावं. जिचं तसं छायाचित्र नाही तिच्या लग्नाच्या दाखल्यावरची सही किंवा फुली छापावी.

मजकुरात प्रत्येक विधानामागे कागदाचा पूर्ण क्रमांक द्या: अभिलेखागार, मालिका, फाइल, पान. खानेसुमारीला १८८१ साठी आरजी ११, १८७१ साठी आरजी १० असे क्रमांक आहेत, १८४१ आणि १८५१ साठी एचओ १०७. संकेतस्थळाचा दुवा मरतो, हा क्रमांक टिकतो. एखादं नाव सूचीत चुकीचं वाचलेलं आढळलं तर बहुतेक वंशावळ-संकेतस्थळांवर दुरुस्ती सुचवायची सोय असते. ती तिथल्या तिथे भरून टाका, म्हणजे त्या बाईला पुढे शोधणाऱ्याला ती पहिल्याच प्रयत्नात सापडेल.